ऑक्टोबरात जमीन पाहायला जाऊ नका: सह्याद्रीत डोंगर दिसणारी जागा घेताना

पाऊस नुकताच उघडलेला असतो. पठारावरच्या सोनकीचा पिवळा रंग अजून पुरता उतरलेला नसतो, ओढ्यांना पाणी असतं आणि हवा इतकी स्वच्छ असते की तीन रांगांपलीकडचा किल्लाही बोट दाखवून ओळखता येतो. अशा दिवसांत कुठलीही जमीन आवडते. माझ्या ओळखीतले तीन फसलेले सौदे ऑक्टोबर-नोव्हेंबरातच तोंडी ठरले होते, आणि त्यातला एक आमचा होता.

पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला आम्ही सव्वा एकर घेतली, त्याला आता सहा वर्षं झाली. त्याआधी अडीच वर्षं शोधण्यात गेली. त्या काळात तलाठी कार्यालयाच्या बाकावर, भूमी अभिलेखच्या खिडकीशी आणि गावातल्या ओट्यांवर बसून जे कळलं, ते पहिल्यांदा जमीन घेणाऱ्यांसाठी क्रमानं लिहिते आहे. हा क्रम महत्त्वाचा आहे. आम्ही तो उलटा धरला होता. आधी जागा आवडली, मग कागद पाहिले.

१. आधी स्वतःचा सात-बारा शोधा

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही, बक्षीसही देता येत नाही. हे टाळून केलेला व्यवहार पुढे अवैध ठरू शकतो आणि जमीन सरकारजमाही होऊ शकते. एजंट 'शेतकरी दाखल्याचं आपण बघून घेऊ' म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. खोट्या दाखल्यावर घेतलेली जमीन वीस वर्षांनीही हातची जाऊ शकते.

पण पुण्या-मुंबईत वाढलेल्या कितीतरी मराठी घरांची गावाकडे कुठेतरी जमीन असते, आणि सात-बाऱ्यावर अजून आजोबांचं किंवा पणजोबांचंच नाव असतं. कोणी वारस नोंद केलेली नसते. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गाव आणि आजोबांचं नाव घालून शोधा. सापडलं तर मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन वारस नोंदीचा अर्ज करा. तो ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही करता येतो. वडिलोपार्जित चार गुंठ्यांत नाव लागलं, तरी तुम्ही खातेदार, म्हणजे शेतकरी ठरता.

मुलींनी तर हे करावंच. हिंदू एकत्र कुटुंबात मुलीला मुलाइतकाच हक्क राज्याच्या कायद्यानं १९९४ साली आणि केंद्राच्या कायद्यानं २००५ साली दिला. तरी अजूनही कितीतरी ठिकाणी भावांचीच नावं चढतात. माझं नाव वडिलांच्या पश्चात त्यांच्या जमिनीला लागलं होतं, म्हणूनच आम्हाला ही जागा घेता आली.

परदेशात राहणाऱ्यांसाठी वेगळी अडचण आहे. परकीय चलन कायद्याखालच्या नियमांनुसार अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशानं मात्र मिळू शकते. म्हणून तिथल्या मंडळींनी नव्या जमिनीच्या मागे लागण्याआधी गावच्या जमिनीची वारस नोंद पूर्ण करावी.

यातलं काहीच जमत नसेल, तर बिनशेती प्लॉट हा सरळ मार्ग आहे. त्यात बिनशेती आदेश, मंजूर रेखांकन आणि तुमच्या प्लॉटचा स्वतंत्र उतारा हे तिन्ही कागद हातात हवेत. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल किंवा प्लॉट आठपेक्षा जास्त असतील, तर महारेरा नोंदणीही तपासा. 'सध्या शेती आहे, पुढे एनए करून देऊ' या शब्दावर एक रुपयाही देऊ नका.

गुंठेवारीचा सापळाही इथेच सांगते. 'पाच गुंठे, डोंगरासमोर, कुंपणासकट' अशा जाहिराती दिसतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा सुटा करून विकता येत नाही. २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं खाली आणलं गेलं. यातून वाट काढायला वीस-पंचवीस जणांची नावं एकाच सात-बाऱ्यावर सामाईक चढवतात. कागदावर तुमचं नाव येतं, पण नेमकी कुठली जागा तुमची हे कुठल्याच नकाशात नसतं. उद्या शेजाऱ्यानं तुमच्या ओट्यासमोर भिंत घातली, तर दाद कशाच्या आधारावर मागणार? हे नियम अलीकडे वरचेवर बदलताहेत. सौद्याच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात आजची स्थिती विचारून घ्या.

२. डोंगर पाहायचा तर पायथ्याशी राहा

मुळशी, मावळ, लोणावळा, महाबळेश्वर ही नावं सामान्य माणसाच्या बजेटबाहेर गेली आहेत. महाबळेश्वर-पाचगणी तर २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथं बांधकामाच्या अटीही कडक आहेत.

फार उशिरा लक्षात आलेली एक गोष्ट म्हणजे डोंगरावर राहणाऱ्याला डोंगर दिसत नाही, त्याला सपाटी दिसते. डोंगर बघायचा तर त्याच्या मुख्य भिंतीपासून तीन-चार किलोमीटर लांब, थोड्या उंच टेपावर, म्हणजे उंचवट्यावर बसावं लागतं. अशा जागा स्वस्तही असतात. रस्ता जवळ असतो, माती जाड असते आणि दरडीची भीती कमी असते.

साताऱ्याचा पाटण, सांगलीचा शिराळा, कोल्हापूरचे शाहूवाडी, भुदरगड, आजरा आणि चंदगड हा देशावरचा पट्टा पाहा. इथं डोंगर पश्चिमेला असतो. सकाळचं ऊन कड्यांवर पडतं आणि सूर्य डोंगराआड लवकर मावळतो. घाटाखाली संगमेश्वर, लांजा आणि वैभववाडीच्या पूर्व भागात उलटं असतं. सह्याद्रीची भिंत पूर्वेला उभी असते, सकाळ उशिरा उजाडते आणि संध्याकाळी सगळा कडा तांबूस होतो. तुम्ही घरी कुठल्या वेळी निवांत असता, यावरून बाजू निवडा. हे बारीक वाटतं, पण रोज राहायला लागल्यावर सगळ्यात जास्त हेच जाणवतं.

उत्तरेकडे बागलाणात १५६७ मीटरचा साल्हेर आहे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात १६४६ मीटरचं कळसूबाई आहे. हे देखणे मुलूख आहेत. पण अकोल्याचा, जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग, पेठ, सुरगाणा इथं पुष्कळ जमीन आदिवासी खातेदारांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ आणि ३६ अ मुळे ती बिगरआदिवासीला शासनाच्या मान्यतेशिवाय जाऊ शकत नाही. तिथं 'गडी तयार आहे, कागद नंतर होतील' असं सांगणारे भेटतात. ती जमीन घेऊ नये. कायदा आहे म्हणून तर नाहीच, पण ज्यांच्याकडून आजवर सगळं गेलं त्यांच्याकडे उरलेलं तेवढंच आहे, म्हणूनही नाही.

आंबोली, चौकुळ, गेळे या सिंधुदुर्गातल्या गावांकडेही अनेकांचा ओढा असतो. तिथल्या 'कबुलायतदार गावकर', म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींच्या मालकीचा प्रश्न पिढ्यान्पिढ्यांचा आहे. उताऱ्यावर हा शब्द दिसला, की वकिलाशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. खरा भाव कसा कळतो

गावात कोणी गुंठ्याचा भाव सांगतो, कोणी एकराचा, आणि सात-बारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा १ एकर, १०० आरचा १ हेक्टर आणि १ हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. आर आणि गुंठा जवळपास सारखेच असल्यानं व्यवहारात एकच धरतात.

सरकारी रेडी रेकनर दर हा भावाचा तळ समजा. प्रत्यक्ष सौदे कितीला झाले, हे नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक २ मध्ये दिसतं. त्या गावातल्या गेल्या दोन-तीन वर्षांच्या सगळ्या खरेदीखतांच्या सूची काढून वहीत उतरवा. गट नंबर, क्षेत्र, किंमत. आम्हाला सांगितलेला भाव आणि वहीत सापडलेला भाव यात निम्म्याचं अंतर होतं. कागदावर कमी रक्कम दाखवण्याची रीत आहे हे खरं, पण बोलणीला बसताना हातात आकडे असले की समोरचाही नीट बोलतो.

पोटखराब्याचे पैसे वेगळे धरा. डोंगराकडच्या जमिनीत पोटखराबा पुष्कळ असतो. 'अ' वर्गातला म्हणजे खडकाळ, नापीक भाग, तर 'ब' वर्गातला म्हणजे रस्ता किंवा ओढा अशा सार्वजनिक वापरातला भाग. 'ब' चे लागवडीच्या भावानं पैसे देण्यात अर्थ नाही.

४. समोरची जमीन कोणाची?

डोंगर कोणी विकत नाही. तुम्ही विकत घेता ती इथून तिथवरची मोकळी नजर, आणि ती दुसऱ्याच्या जमिनीवरून जाते. जागेवर उभं राहून समोर दिसणारे चार-पाच गट कोणाचे आहेत ते महाभूनकाशावर काढा. समोर राखीव वन असेल, खोल ओढा असेल किंवा जमीन एकदम खाली उतरत असेल, तर नजर टिकते. समोर सपाट मोकळा माळ असेल तर ती टिकेल याची खात्री नाही. पाटणच्या वनकुसवड्याच्या पठारावर आज पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. तशा पठारांच्या शेजारी जमीन घेणाऱ्यानं रात्री एकदा तिथं बसून आवाज ऐकावा.

धरणाकाठच्या जागांबद्दल आणखी सावध राहा. पाण्यालगतचा पट्टा बहुतेक वेळा धरणासाठी संपादित झालेला असतो. उन्हाळ्यात पाणी मागे गेलं की तीच जमीन विक्रेता आपली म्हणून दाखवतो. संपादनाची रेषा पाटबंधारे विभागाकडून लेखी घ्या.

५. मे महिन्यात एकदा, जुलैत एकदा

सह्याद्रीचा बेसॉल्ट पाणी फार धरून ठेवत नाही. पावसाळ्यात जिथं छत्री उघडी टिकत नाही, त्याच गावांना एप्रिल-मेमध्ये टँकर येतो. म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात जा आणि विहिरीत वाकून पाहा. पाण्याबद्दल विक्रेत्याला विचारू नका, डोक्यावर हंडा घेऊन निघालेल्या मावशींना विचारा. आम्ही विचारलं तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "गुढीपाडव्यापतूर पानी हाय बाळा, मंग खालच्या झऱ्यावर जावं लागतंय." त्या एका वाक्यानं आमचा सौदा दहा महिने पुढे गेला, आणि ते बरं झालं. बोअर मारून पाणी लागेल असं गृहीत धरू नका. गावच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ नवी विहीर किंवा बोअर घ्यायला कायद्याची बंधनंही आहेत. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या माणसाला एकदा जागा दाखवा.

रस्ता पाहायचा तो जुलैत. कोरड्या दिवसांत चारचाकी जागेपर्यंत जाते, पण त्या वाटेचा पावसात ओढा होतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती वाट कोणाच्या बांधावरून जाते आणि गावनकाशात आहे का, हे पाहा. नकाशात पाणंद, गाडीवाट किंवा शिवरस्ता असेल तर बळ मिळतं. नुसतीच वहिवाट असेल, तर शेजारच्या खातेदारांकडून रस्त्याचा हक्क लिहून, नोंदणी करून घ्या, आणि तोही खरेदीच्या आधी. खरेदी झाल्यावर तोच शेजारी वेगळं बोलतो. रस्ता अडवला तर तहसीलदारांकडे दाद मागता येते. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ आणि महसूल अधिनियमाचं कलम १४३ त्यासाठीच आहेत. पण त्यात वर्षं जातात आणि गावाशी संबंध बिघडतात ते वेगळंच.

विजेचा खांब किती लांब आहे, ते पावलांनी मोजून घ्या. मोबाइलला रेंज आहे का तेही पाहा. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

६. कागद वाचण्याची रीत

सात-बारा हा शेवटचा कागद, पहिला नव्हे. तो फक्त आजची स्थिती सांगतो. जमीन इथवर कशी आली, हे फेरफार सांगतात. सात-बाऱ्यावर गोलात लिहिलेले सगळे फेरफार क्रमांक उतरवून घ्या आणि एकेक फेरफार काढा. १९५० पासूनचे जुने सात-बारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. दर वर्षाचा उतारा पाहिला नाही तरी चालेल, पण नाव बदललं तो प्रत्येक टप्पा पाहा.

मग भूधारणा पद्धत. भोगवटादार वर्ग १ असेल तर पुढे जा. वर्ग २, म्हणजे विक्रीवर बंधनं असलेली असेल तर थांबा. ती जमीन कशामुळे वर्ग २ आहे, हे आधी कळायला हवं. वतन, सिलिंग, पुनर्वसन, सरकारी वाटप, प्रत्येकाच्या अटी वेगळ्या. देवस्थान इनामाला हात लावू नका. कुळकायद्यानं कुळाला मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ ची अट असते. विक्रीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं उलटली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीनंतर जमीन आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या ४० पट नजराणा भरून ती शेतकऱ्याला विकता येते. डोंगराळ भागात आकार दोन-चार रुपयांचा असतो, त्यामुळे नजराणाही किरकोळ होतो. पण तो भरल्याची पावती आणि नोंद पाहिल्याशिवाय खरेदीखत करू नका.

'इतर हक्क' हा रकाना सगळ्यात सावकाश वाचा. सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, संपादनाचा शेरा, आकारीपड (सारा थकल्यानं सरकारजमा) असा उल्लेख, सगळं तिथंच दडलेलं असतं. बहिणींची नावं तिथं लिहून वर 'भोगवटादार' म्हणून फक्त भाऊ दाखवलेले असतात. प्रत्येक बहिणीची सही खरेदीखतावर हवी किंवा नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र हवं. 'ताईंचं काही नाही, त्या येतील सहीला' असं कोणी म्हटलं, तर ताईंना स्वतः भेटा. त्यांना पैसे मिळताहेत का, हेही विचारा. त्यात त्यांची फसवणूक होत असेल, तर तो व्यवहार तुम्हालाही लाभणार नाही.

विक्रेत्याऐवजी कुलमुखत्यार सही करणार असेल, तर मूळ मालक हयात आहे का आणि त्याची इच्छा आहे का, हे प्रत्यक्ष भेटून पाहा. नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली स्पष्ट केलं आहे.

तालुक्याच्या न्यायालयात काम करणारा वकील गाठा आणि किमान तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या. शहरातल्या मोठ्या वकिलापेक्षा त्याच तालुक्यातला वकील बरा. कुठल्या गावात कुठला दावा चालू आहे हे त्याला तोंडपाठ असतं. स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्या. आमच्या नोटिशीला एका चुलत पुतण्याचं उत्तर आलं होतं, आणि ते खरेदीच्या आधी आलं म्हणून हिस्सा नीट सुटला.

७. वन आणि उतार

उतारा स्वच्छ असला तरी जमीन वनाची असू शकते. १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्यानं ३० ऑगस्ट १९७५ रोजी कितीतरी खाजगी झाडीची जमीन शासनाकडे गेली. त्याची नोंद कुठे झाली, कुठे झालीच नाही. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खाली नोटीस निघाली होती का, हा प्रश्न उपवनसंरक्षक कार्यालयाला गट नंबर देऊन लेखी विचारा आणि लेखी उत्तर मिळेपर्यंत थांबा. कोकणात तर हे न करता विसारही (सौद्याची आगाऊ रक्कम) देऊ नये. गाव अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प किंवा त्यांच्या भोवतालच्या संवेदनशील क्षेत्रात येतं का, तेही त्याच अर्जात विचारा. आमच्या बाजूला २०१० साली जाहीर झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची जुलै २०२४ ची मसुदा अधिसूचना गावांच्या यादीसह प्रसिद्ध आहे. तीत आपलं गाव शोधा. लहान घराला घाबरण्यासारखं तीत नाही. शेजारी खाण येणार नाही, हा उलट फायदाच.

आता उताराबद्दल. ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं. २२ जुलै २०२१ ला तळीये, आणि त्याच पावसात आमच्या पाटण तालुक्यातली आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी. या गावांतली माणसं पिढ्यान्पिढ्या तिथं राहत होती. त्यांना डोंगर कळत नव्हता असं नाही. म्हणून नव्यानं येणाऱ्यानं तर फारच जपून वागावं.

पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त उतरणारा उतार बांधकामासाठी सोडूनच द्या. राज्याच्या बांधकाम नियमावलीतही १:५ हीच मर्यादा आहे. पाण्याची पातळनळी आणि दोन काठ्या घेऊन हे अर्ध्या तासात मोजता येतं. झाडांची खोडं बुंध्याशी वाकलेली आहेत का, वरच्या बाजूला जमिनीत भेगा आहेत का, पूर्वी नसलेले झरे फुटलेत का, हे पाहा. वरच्या अंगाला कोणी जेसीबीनं डोंगर कापून प्लॉट पाडत असेल, तर खालची जागा कितीही स्वस्त असली तरी नको. आणि कोयनेच्या भागात घर बांधणाऱ्यानं ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप लक्षात ठेवून लोखंडाचे पट्टे घालावेत. तिथं पैसा वाचवू नये.

घर किती मोठं होईल, हेही आधी विचारात घ्या. शेतघराला बिनशेती परवानगी लागत नसली तरी साधारण ४० आरपेक्षा लहान जमिनीवर शेतघराची सवलत मिळत नाही. त्याच्या थोडं वर असलेल्या जमिनीवर जोत्याचं क्षेत्र १५० चौरस मीटरपर्यंत मर्यादित असतं. मनातल्या घराचा आकार या चौकटीत बसतो का, ते तहसीलदार कार्यालयात तपासा.

८. मोजणी, साठेखत, खरेदीखत

आमचा पहिला सौदा इथं मोडला. दाखवलेली जागा म्हणजे सपाट टेप, एक जुना आंबा, समोर सगळी रांग. कागद स्वच्छ. विसार दिला आणि मोजणी नंतर करू म्हणालो. मग मोजणीदार आला, खुणा झाल्या, तेव्हा कळलं की टेप शेजारच्या गटात आहे. आम्हाला विकला जाणारा गट ओढ्याकडे उतरणारा दगडी पट्टा होता. विसार परत मिळायला आठ महिने लागले.

तेव्हा विक्रेत्यानं भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करायचा, तातडीची फी हवी तर आपण भरायची. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंचे खातेदार हजर असतील असं पाहायचं आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा हातात आल्यावरच रकमेचं बोलायचं. जुना वाद असेल तर गुणाकार बुक, टिपण आणि फाळणी बारा हे मोजणीचे मूळ कागद काढा. गट क्रमांक आणि जुना सर्व्हे नंबर यांचा मेळ लागत नसेल, तर एकत्रीकरण योजनेच्या वेळची नोंद पाहा.

विसार देताना साधी पावती नको, नोंदणीकृत साठेखत, म्हणजे विक्रीचा करार करा. त्यात मोजणीचा नकाशा, रस्त्याचा उल्लेख, मुदत, आणि परवानगी न मिळाल्यास पैसे परत करण्याची अट लिहा. पैसे बँकेतूनच द्या. मुद्रांक शुल्क रेडी रेकनर किंवा ठरलेली किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. खरेदीखतात चतुःसीमा, झाडं, विहीर, पाण्याचा आणि वाटेचा हक्क एकेक करून लिहा. लिहिलं नाही ते आपलं नाही, असं धरून चाला.

नोंदणी झाली की फेरफार आपोआप सुरू होतो. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर नोटीस लागते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तोवर आठवड्यातून एकदा चावडी उघडून पाहत राहा. डिजिटल सहीचा नवा सात-बारा आपल्या नावानं निघाला, की त्याच्या दोन प्रती काढा आणि एक गावातल्या विश्वासू माणसाकडे ठेवा.

९. पहिला पावसाळा

कोपऱ्यांवर दगड पुरा, बांधावर निवडुंग किंवा घायपात लावा. माती उकरायची तर गौण खनिजाची परवानगी आणि झाड तोडायचं तर वन विभागाची परवानगी लागू शकते, स्वतःच्या जमिनीतलं असलं तरी. फेब्रुवारीआधी बांधाच्या आतून दहा फुटांचा जाळपट्टा साफ ठेवा. वणवा गवतावरून माणसाच्या पळण्यापेक्षा वेगानं येतो. गवे आणि रानडुकरं येतातच. पहिल्या वर्षी भाजीपाल्याच्या मागे लागू नका.

आणि पहिला पावसाळाभर काहीच बांधू नका. आम्ही जुलैत चार दिवस शेजारच्या वस्तीवरच्या आजोबांच्या पडवीत राहिलो. रोज सकाळी इरलं घेऊन ते आमच्याबरोबर जमिनीवर यायचे आणि काठीनं दाखवायचे, पाणी कुठून शिरतं, कुठं थांबतं, कुठला दगड हलला. घर जिथं बांधायचं आम्ही नक्की केलं होतं, तिथं तिसऱ्या दिवशी घोटाभर पाणी होतं. आजोबांनी वीस पावलं वर, करंजाच्या झाडाजवळ काठी रोवली. जोतं तिथं आहे.